बिनफेसाचं घर

मला सशांबद्दल कसलाही राग नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणायचे, ही बाई मुक्या जनावरांच्या मुळावर उठली आहे. मी कुणाच्याही मुळावर उठलेली नाही. माझा राग एका बोलक्या प्राण्यावर आहे आणि त्याच्याशी माझं रीतसर लग्न झालेलं आहे.

रागाचं म्हणाल तर त्या विषयात मला गती आहे. मी वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीत बसते. बिल जास्त आलं, मीटर पळतोय, शेजाऱ्याचा दिवा आमच्या वायरीवर लागतोय, असं काय काय घेऊन माणसं येतात आणि काचेला पाडलेल्या अर्धगोल भोकातून माझ्यावर ओरडतात. मी ऐकून घेते. त्याचाच पगार मिळतो. घरी मात्र माझी तक्रार ऐकायला अशी खिडकी नाही, म्हणून इथे सांगतेय.

त्या दिवशी संध्याकाळी हे डोळे पुसतच घरात शिरले. कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, म्हणून मी पाण्याचा पेला घेऊन धावले.

"ससा," हे म्हणाले.

यांच्या विमा कंपनीत साहेबांना टोपणनावं ठेवायची पद्धत आहे. मला वाटलं, त्यातलाच कुणीतरी ससा गेला. पण हा खराखुरा ससा होता. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी यांना फोनवर दाखवलं होतं, की साबण आणि पावडरी माणसांना चालतील का हे बघायला आधी सशांच्या डोळ्यांत घालून बघतात. यांनी ते मलाही दाखवलं. मलाही वाईट वाटलं, खोटं का बोलू? पिंजऱ्यातल्या त्या सशाला डोळा चोळताही येत नव्हता. मी फोन उलटा ठेवला.

"आणि त्याच पावडरीनं आपण रोज भांडी घासतो!" हे म्हणाले.

मी 'आपण' या शब्दावर अडले. लग्नापासून आजतागायत या माणसाच्या हातात भांड्यांची घासणी मी पाहिलेली नाही. पण दुःखाच्या प्रसंगी व्याकरण काढू नये म्हणून मी गप्प बसले. तिथेच चुकलं.

जेवायच्या आधीच यांनी घर शुद्ध करायला घेतलं. भांड्यांची पावडर, कपड्यांचा साबण, फरशी पुसायचं औषध, काचांचं निळं पाणी, माझा शांपूसुद्धा, सगळं काढलं.

"अहो, निदान आहे ते संपेपर्यंत वापरू. मग बदलू," मी म्हटलं.

"पापाची वस्तू संपेपर्यंत वापरायची?" यांनी विचारलं आणि सगळं मोरीत ओतलं. वर दोन बादल्या कढत पाणी. पर्यावरण वाचवायची ही पहिली पायरी.

तळमजल्यावर एक वकील राहतात. ते त्या वेळी आंघोळ करत होते. आमच्या इमारतीच्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी एकाच नळानं खाली जातं आणि तो नळ म्हातारा आहे. त्याला एवढा साबण एकदम झेपला नाही, आणि वकिलांच्या न्हाणीघराच्या जाळीतून फेस वर यायला लागला. ते वर आले तेव्हा कमरेला टॉवेल होता, गुडघ्यापर्यंत फेस होता आणि आवाज कोर्टातला होता.

"याला सार्वजनिक उपद्रव म्हणतात! यावर कलम आहे!"

"आम्ही प्राण्यांवरची क्रूरता थांबवतोय," हे म्हणाले.

"मग माणसांपासून सुरुवात करा!" वकील म्हणाले. या सगळ्या प्रकरणात मला पटलेलं हे पहिलं वाक्य होतं. पण जिना पुसायला फडकं घेऊन मीच खाली गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात. क्रूरतेशिवाय बनवलेला माल वेगळ्या कपाटात, काचेच्या आत, कुलपात ठेवला होता. किंमत बघितल्यावर कुलूप का लावलंय ते कळलं. एवढीशी बाटली, वर पानाचं चित्र, आणि तेवढ्या पैशांत आमचं महिन्याचं वाणसामान आलं असतं. पण हे हटायला तयार नाहीत. साध्या कपाटातली एकेक बाटली उचलून दुकानदाराला विचारायचे, "हे कुठल्या प्राण्यावर तपासलंय?"

दुकानदार गोंधळला. "साहेब, तुम्हाला कुठल्या प्राण्यावर हवंय?"

यांनी त्याला पिंजरा, डोळा, डोळ्यातलं पाणी असं सगळं सविस्तर सांगितलं. मागे रांग लागली. एका आजींनी साबणाची वडी घ्यायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला आणि माझ्याकडेच रागानं बघितलं. शेवटी दुकानदारानं हात जोडले आणि आम्ही व्हिनेगर आणि खायचा सोडा घेऊन बाहेर पडलो, कारण हे दोन्ही स्वस्त होतं आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सुचवलं होतं.

या वहिनी म्हणजे सल्ल्यांचं कोठार. स्वतः त्यातलं काही करत नाहीत, त्यामुळे त्यांचा सल्ला कधी चुकत नाही. सोड्यावर व्हिनेगर ओतायचं की जोरात फसफसतं आणि मळ सुटतो, असं त्या म्हणाल्या. यांनी ओतलं. फसफसलं. हे लहान मुलासारखे हरखले. फसफसून झाल्यावर खाली जे उरतं ते जवळजवळ पाणीच असतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. यांनाही शाळेत तोच विषय होता, आणि त्यात यांना माझ्यापेक्षा जास्त गुण होते, असं ते नेहमी सांगतात.

मग संत्र्याच्या साली आल्या. साली, गूळ आणि पाणी बाटल्यांत भरून महिनोन्‌महिने ठेवायचं आणि त्याचं नैसर्गिक साबणपाणी करायचं. स्वस्त म्हणजे फुकटच, असं हे म्हणाले आणि रसवाल्याकडून सालींचं पोतं उचलून लिफ्टमधून घरी आणलं. बाटल्यांत वायू धरतो, म्हणून रोज प्रत्येकीचं झाकण उघडून बंद करायचं असतं. कुणी करायचं, हे सांगायला नको. मी कामावर जायच्या आधी पलंगाखाली वाकून बाटल्यांना श्वास देत बसायचे. घरात चिलटं झाली. बाटल्या गच्चीवर ठेवू म्हटलं, तर इमारतीच्या सेक्रेटरींनी अर्ज मागितला. अर्ज दिला. तो परत आला, कारण नियमांच्या पुस्तकात कुंड्यांची तरतूद आहे, वाळवणाची आहे, सालींची नाही. 'सालींना कुंडी समजावं का, हा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागेल', असा शेरा होता. बाटल्या पलंगाखालीच राहिल्या.

इथवर मी सोसलं असतं. मूळ गोष्ट योग्यच होती ना. पण मग मावशी गेल्या.

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या बाई. त्या येतात म्हणून मी नोकरी करू शकते, हे मी कुणापुढेही कबूल करीन. आणि गेल्या काही महिन्यांपासून त्या येतात म्हणून मी पोहू शकत होते. हे नीट सांगायला हवं, कारण माझं खरं भांडण इथेच आहे. पलीकडच्या रस्त्यावरच्या तरणतलावात सकाळी बायकांचा वर्ग असतो. मी त्यात नाव घातलं होतं. या वयात, हे शरीर घेऊन, ती टोपी घालून. पाण्याची मला भीती वाटायची. पहिले कितीतरी दिवस मी कठड्याला धरून पाय मारत होते आणि शेजारी लहान मुली सपासप पुढे जात होत्या. पण एक दिवस हात सुटला आणि मी बुडाले नाही. त्या सकाळी कामाच्या खिडकीत लोक ओरडत होते आणि मी मनातल्या मनात तरंगत होते. दिवसभरात तेवढाच वेळ माझा होता. त्यात कुणाचा डबा नव्हता, कुणाची तक्रार नव्हती. महिन्याभरानं एका रविवारी परीक्षा होती. खोल बाजू एकदमात पार केली तर मोठ्या तलावात प्रवेश, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून उथळ पाण्यात.

तर मावशी. महिने थांबायचा धीर यांना नव्हता, त्यामुळे सालींचं पिवळं पाणी अर्धवट मुरलेलंच वापरायला काढलं होतं. मावशींनी ते घासणीवर घेतलं, ताट घासलं, पुन्हा घासलं आणि मला हाक मारली.

"ताई, साबण कुठाय?"

"तोच आहे, मावशी. नैसर्गिक आहे."

"मग फेस कुठाय?"

हे बाहेरच्या खोलीतून उठून आले. विषय सशाचा होता, त्यामुळे यांना राहवेना. त्यांनी मावशींना सगळी कहाणी सांगितली. मावशींनी पदरानं डोळे टिपले. त्यांना यांच्याइतकंच वाईट वाटलं, फक्त त्या हात धूत धूत ऐकत होत्या.

"सशाचं वाईट झालं, साहेब," त्या म्हणाल्या. "पण हे आंबट पाणी माझ्या भेगांत झोंबतंय. आणि फेस आल्याशिवाय भांडं निघालं का नाही, मला कळत नाही. उद्या तुमच्याकडचा पेला तेलकट निघाला तर नाव माझं जाईल, तुमचं नाही."

"सवय होईल हो, मावशी. फेस म्हणजे नुसता भ्रम आहे."

मावशींनी घासणी ओट्यावर ठेवली. "फेस नाही तर मी नाही," एवढं बोलून त्या गेल्या. मी जिन्यापर्यंत मागे धावले. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागलं.

"जाऊ दे," हे म्हणाले. "आपण करू."

पुन्हा 'आपण'. घरातला फेस बंद झाला तो असा माझ्या तोंडाला आला. सकाळी उठून बाटल्यांची झाकणं, मग रात्रीची भांडी, पिवळं पाणी, पुन्हा पिवळं पाणी, फरशी, डबे. तरणतलावावर पोचेपर्यंत शिट्टी वाजलेली असायची. मग पोचणंच बंद झालं. तिथल्या कारकुनानं सांगितलं, असंच चाललं तर नाव कापू. मी म्हटलं, थोड्या दिवसांची सूट द्या. त्यानं वही उघडली.

"गैरहजेरीचं कारण काय लिहू?"

"घरी फेस येत नाही," मी म्हटलं. रागाच्या भरात खरं तेच तोंडातून गेलं.

त्यानं पेन खाली ठेवलं. "डॉक्टरांचा दाखला आणा," तो म्हणाला.

शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची आहे. तिनं मला बाजूला घेतलं. "काकू, रविवारी काहीही करून या. तुम्हाला येतंय आता. मी नाव थांबवून ठेवते." कुणीतरी मला 'येतंय' म्हणालं, याचं मला बाहेर रस्त्यावर आल्यावर रडू आलं.

मधल्या काळात झुरळं झाली. सालींच्या वासानं होणारच. मी फवारा मागितला तर यांनी विचारलं, "झुरळ हा प्राणी नाही का?" मग हे वाटी आणि पुठ्ठा घेऊन एकेक झुरळ अलगद पकडायचे आणि खिडकीतून मुक्त करायचे. खाली वकिलांची बाल्कनी होती. वकिलांनी दुसरं कलम काढलं. यांनी त्यांना अहिंसेवर व्याख्यान दिलं, आणि ते इतकं लांबलं, की ऐकायला थांबलेल्या सेक्रेटरींना त्यातून एक कल्पना सुचली. इमारतीच्या जिन्याला लागणारं औषध महाग झालं होतं. हे पिवळं पाणी फुकट होतं. तेव्हा यांनी रविवारी सकाळी खाली वाहनतळात सगळ्यांना प्रात्यक्षिक दाखवावं. 'कमी खर्चात निर्मळ घर.' फलक लागला. त्यावर यांचं नाव मोठ्या अक्षरांत.

मी फलक वाचला तो कामावरून येताना, आणि त्या दिवशी मी आधीच पेटलेली होते. झालं असं, की वाटेतल्या लाँड्रीत यांचे शर्ट टांगलेले दिसले. यांचेच. सगळे पांढरेशुभ्र. घरी माझे कपडे पिवळ्या पाण्यानं मातकट झाले होते. खिडकीतून ओरडणारा एक माणूस मध्येच थांबून म्हणाला होता, "बाई, तुमचीच वीज गेलीय का?"

"साहेबांनी खास सांगितलंय," लाँड्रीवाला म्हणाला. "कडक पावडर टाका म्हणाले. घरच्या पाण्यानं कॉलर निघत नाही."

घरी आल्यावर मी विचारलं. हे जराही लाजले नाहीत.

"अगं, मला बाहेरच्या लोकांसमोर जावं लागतं."

"आणि मी कुणासमोर बसते?"

"तुझं काय, काचेच्या आत असतेस."

मी त्या रात्री जेवले नाही. म्हणजे मुद्दा सशाचा नव्हताच. ससा माझ्या वाट्याला होता आणि शर्ट यांच्या. मलाही त्या जनावराची कणव होती, माझे हात रोज त्याच्यासाठी झोंबत होते, आणि हा माणूस माझ्या हातांवर पुण्य कमावून वर कडक कॉलर घालून हिंडत होता. मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्यांची झाकणं न उघडताच मी पडून राहिले.

शनिवारी हे म्हणाले, "उद्या सकाळी तू फक्त भांडी घास. बोलायचं सगळं मी बघतो."

"उद्या माझी परीक्षा आहे."

"पोहण्याची? अगं, पाणी कुठे पळून जातंय? सगळी इमारत येणार आहे. माझी लाज राख."

"तुम्हीच घासा."

यांना वाटलं मी गंमत करतेय. ते हसलेसुद्धा.

रविवारी सकाळी मी पिशवी घेतली आणि मागच्या जिन्यानं गेले. खाली टेबलं मांडण्याचा आवाज येत होता. तरणतलावाशी पोचेपर्यंत फोन वाजायला लागला. तो मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. खोल बाजूच्या कठड्यावर उभी राहिले. खाली तळ दिसत नव्हता. शिट्टी झाली. मी उडी मारली ती काही धैर्यानं नाही. मागे फिरले तर वाहनतळात जाऊन भांडी घासावी लागणार होती.

मध्यावर दम तुटला. नाकात पाणी गेलं. मला कठडा धरायचा होता आणि कठडा कुठेच नव्हता. मग मला ते 'तुझं काय' आठवलं आणि मी पाण्याला अशी काही झोडपायला लागले, की शेजारच्या रांगेतली बाई घाबरून कडेला सरकली. हात मारला, पुन्हा मारला, आणि डोकं भिंतीवर आपटलं.

"पद्धत काही नव्हती, काकू," मुलगी हसत म्हणाली, "पण पोचलात." मी भिंतीला धरून मोठ्यानं रडले. तिनं पास लिहिलं.

परत आले तर वाहनतळात गर्दी तशीच होती. मी खांबाशी उभी राहिले, केसांतून पाणी ठिबकत होतं. टेबलामागे हे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, आणि समोर वरच्या वहिनींनी आणलेलं दुधाचं करपलेलं पातेलं. तुमच्या पाण्यानं हे काढून दाखवा, असं त्यांनी म्हटलं होतं. हे कधीपासून घासत होते कुणास ठाऊक. शर्टाला काळे डाग पडले होते आणि पातेल्याला काही झालं नव्हतं. वकील पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही कलम न काढता सुखी दिसत होते.

"आधी भिजवावं लागतं," हे म्हणाले.

"किती वेळ?" वहिनींनी विचारलं.

यांनी पातेलं उलटं करून बघितलं.

"गरम पाण्यात की गार?" मागून कुणीतरी.

"सोडा आधी की नंतर?" सेक्रेटरी.

यांनी चहूकडे बघितलं आणि यांना मी दिसले. चेहरा एकदम उजळला. "ही बघा आली! ही सांगेल."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला सगळं माहीत होतं. किती वेळ, कुठलं पाणी, कुठल्या बाजूनं घासणी चालवायची, सगळं. रोज तेच तर करत होते. यांच्या डोळ्यांत असा काही विश्वास होता, की क्षणभर जीभ उचललीसुद्धा.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी पोहून आले."

आणि मी जिना चढून वर गेले.

बऱ्याच वेळानं हे आले. हातात तेच पातेलं. निघाल्याशिवाय परत आणू नका, असं वहिनींनी बजावलं होतं. हे स्वयंपाकघरात उभे राहिले, बोटं पसरून बघत.

"झोंबतंय गं."

"झोंबतंच."

मग हळूच म्हणाले, "अगं, ती जुनी पावडर कुठे शिल्लक आहे का? एवढ्यापुरती?"

मला वाटलं होतं, या माणसाला एकदा करून बघितल्यावर माझं कळेल, आणि मग माझा राग जाईल. उलट तो दुप्पट झाला. मी महिनाभर ज्या सशासाठी हात सोलून घेतले, तो यांनी एका पातेल्यासाठी पिंजऱ्यात परत घातला.

"नाही," मी म्हटलं. "ती पावडर या घरात येणार नाही."

"मग मावशींना तरी बोलाव."

"तुम्हीच जा त्यांच्या घरी. काय सांगून आणायचं ते वाटेत ठरवा."

"आणि हे पातेलं?"

"घासा," मी म्हटलं. टॉवेल दोरीवर टाकला, खोलीचं दार लोटलं आणि आडवी झाले. बाहेर बराच वेळ खरखर चालू होती. मध्येच ती थांबायची, हे सुस्कारा टाकायचे आणि पुन्हा सुरू व्हायची. लग्न झाल्यापासून रविवारच्या दुपारी मी पहिल्यांदाच झोपले.